फाटकाच्या नावावर

११ जानेवारी १९९३

मॅव्हिस दुपारी येऊन गेली. सोबत आंबटगोड रुबार्बच्या वड्या होत्या, तेव्हाच ओळखलं की बाई काहीतरी गळ्यात मारायला आली आहे. आपल्या ब्रेकस्टॅड गावच्या बेसबॉल संघाला यंदा शंभर वर्षं होतात. जुलैत सोहळा आहे, समिती हिचीच, आणि सोहळ्याला पुस्तक हवं. "अगं, जन्मभर पोरांचे निबंध तपासलेस, आता एक स्वतः लिही की," म्हणाली. हरलेल्या वर्षांबद्दल फार लिहू नको असंही म्हणाली. मग उरतात किती वर्षं, हे मी विचारलं नाही. तिचा धाकटा जावई स्कॉटलंडचा आहे, त्यालाही कळलं पाहिजे इतकं सोपं लिही, ही शेवटची अट.

वड्या खाऊन झाल्या होत्या, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

नवरा बटाटे सोलत होता. हार्लनला सांगितलं तर "लिही" म्हणाला. दोन बटाटे झाल्यावर म्हणाला, "सत्तावन सालचं थोडक्यात आटप." सत्तावनसाठीच तर पुस्तक काढताहेत, मी म्हटलं. तो तिसऱ्या बटाट्याकडे वळला.

१९ जानेवारी

बेसबॉलची पुस्तकं कशी लिहितात ते पाहावं म्हणून लायब्ररीतून पिशवीभर आणली आणि आठवडाभर तीच वाचते आहे. सगळ्या पुस्तकांत गवत फार हिरवं असतं आणि सूर्य मावळायला फार वेळ लावतो. बाप मुलाकडे चेंडू टाकतो आणि दहा वर्षांत जे बोलता आलं नाही ते त्या एका फेकीत बोलून होतं. हार्लनचा बापही त्याच्याकडे चेंडू टाकायचा. त्यात तो एवढंच बोलायचा की "डोळे उघडे ठेव, गाढवा."

सिनेमेही तसलेच. शेवटचा चेंडू दिव्यांच्या वर जातो, संगीत वाजतं, आणि घरी येताना गाडीत धडधाकट पुरुष नाक पुसतात. आपल्या पास्टरसाहेबांनाही प्रवचनात देव समजावताना दर दोन रविवारी बेसबॉल लागतोच. या देशात लग्न, निवडणूक, आजारपण, सगळं याच खेळाच्या भाषेत सांगतात.

पण ज्याच्या हातून चूक झाली आणि मग जो त्याच गावात राहिला, त्याच बेकरीच्या रांगेत उभा राहिला, असा माणूस मला एकाही पुस्तकात सापडला नाही. अशा माणसाशी मी लग्न केलं आहे, म्हणून शोधत होते.

३१ जानेवारी

आज मॅव्हिसच्या जावयासाठी लिहून पाहिलं. जमलंय का बघू:

पिचर चेंडू टाकतो. फलंदाजाने तो असा मारला की कुणालाच वेळेत अडवता आला नाही आणि फलंदाज धावत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, पोचला, तर ती हिट. पण साधा अडवण्याजोगा चेंडू एखाद्याच्या हातून सुटला आणि त्यामुळे फलंदाज पोचला, तर तो हिट नाही. ती त्या खेळाडूची चूक, आणि ती त्याच्या नावावर लिहितात. हिट की चूक, हे मैदानाबाहेर पेन्सिल घेऊन बसलेला स्कोअरर ठरवतो. समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळाली नाही, तर तो नो-हिटर. पिचरच्या आयुष्यात हे एकदा घडलं तरी पुष्कळ झालं.

आमच्या गावात ते एकदाच घडलं. ऑगस्ट सत्तावन, शेजारच्या सेंट ओटिलिया गावाविरुद्ध, पिचर डेल्मर क्विस्ट. गावात शिरताना लोकसंख्येच्या पाटीखाली दुसरी पाटी आहे, तिच्यावर डेल्मरचं नाव आणि ती तारीख. त्या दिवशी समोरचा फक्त एक फलंदाज बेसवर पोचला. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या, दोन पायांमधून चेंडू निघून गेला म्हणून.

शॉर्टस्टॉप माझा नवरा. तेव्हापासून गाव त्याला फाटक म्हणतं. "काय फाटक, आज उघडं की बंद?" हे मी हजारदा तरी ऐकलं असेल. कॅफेत 'उघडं फाटक' नावाचं ऑम्लेट मिळतं, दुमडत नाहीत ते. चार जुलैच्या मिरवणुकीत दरवर्षी कुणीतरी पाय फाकवून उभा राहतो आणि दुसरा मधून चेंडू सोडतो. हार्लन सगळ्यांबरोबर हसतो. मला हसू येत नाही. हे आता पुस्तकात छापून येणार आणि छापणार मी. आम्ही दोघं गेल्यावरही ते लायब्ररीत राहील. तेव्हा तो सामना नीट तपासूनच मी हे पुस्तक देणार. हार्लनला सांगायची गरज नाही.

७ फेब्रुवारी

प्रवचनाचा विषय क्षमा. पास्टरसाहेब म्हणाले, परमेश्वराच्या धावफलकावर चुकांचा रकानाच नाही. अख्ख्या चर्चने वळून हार्लनकडे पाहिलं. त्याने मान लववून सगळ्यांना नमस्कार केला. घरी येताना मी गाडी फार जोरात चालवली.

१६ फेब्रुवारी

उणे वीस. बाहेर कुठे जाणं नाही. सामन्याच्या आठवड्याचं मला जे आठवतं ते लिहून काढलं.

उकाडा भयंकर होता. मी बायकांच्या पाईच्या टेबलावर होते, आणि तो चेंडू गेला त्या क्षणी चेरीची पाई कापत होते, म्हणून मी काही पाहिलं नाही. ओरडा ऐकून मान वर केली तेव्हा हार्लन मातीत पालथा पडलेला होता. स्कोअरर होते आमचे रोस सर, गणिताचे. त्याच गुरुवारी मी डेल्मरला अंगठी परत केली होती. दोन हिवाळे आम्ही बरोबर फिरत होतो आणि सगळे धरूनच चालले होते. शनिवारी मी हार्लनला हो म्हटलं. रविवारी सामना. हे पुस्तकात घालायचं काही कारण नाही.

पण आता लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. पायांमधून चेंडू गेला तर माणूस पालथा कसा पडेल?

२ मार्च

विचारलं त्या प्रत्येकाने चेंडू पायांमधूनच गेल्याचं डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातले दोघे तेव्हा जन्मलेही नव्हते.

बेकरीत डेल्मर भेटला. विम्याचं ऑफिस मुलीला दिल्यापासून त्याला दिवसभर काम नसतं. "हार्लन बरा आहे ना?" म्हणाला. सबंध गावात हा एकटाच त्याला हार्लन म्हणतो. मोठ्या माणसाचा मोठेपणा, दुसरं काय. मिरवणुकीत उघड्या गाडीतून हात हलवून हलवून त्याला तशीच सवय झाली आहे.

२० मार्च

सेंट ओटिलियाला गेले होते. तो चेंडू ज्याने मारला तो अलॉयस थेलेन अजून तिथेच आहे. सलून मुलगा चालवतो, हा खिडकीत बसून असतो. मी कोण ते सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे त्या शॉर्टस्टॉपच्या बायको तुम्ही. या, बसा. तुमच्या गावाने माझी हिट चोरली."

मग उठून त्याने सलूनच्या फरशीवर सगळं दाखवलं. खुर्ची म्हणजे तिसरा बेस, कपाट म्हणजे दुसरा. चेंडू दोघांच्या मधोमध, खोल, जमिनीलगत. "तुमचे यजमान इथून तिथवर पळाले, पालथी झेप घेतली, आणि ग्लोव्हच्या टोकाला लागून चेंडू पुढे गेला. तिथवर दुसरा कुणी पोचलाच नसता. चूक कसली? मी बेसवर उभा राहून टोपी काढली होती त्यांच्यासाठी."

मी विचारलं, हे कधी कुणाला सांगितलं नाहीत? "बाई, हरलेल्या संघाचं कोण ऐकतं?"

परत येताना मी गाडीत मोठ्याने गात होते. रोस सर गेले त्याला बारा वर्षं झाली, नाहीतर आज सरळ त्यांच्या दारात गेले असते. चर्चच्या दफनभूमीतल्या त्यांच्या दगडाजवळून गाडी गेली तेव्हा मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

२४ एप्रिल

बर्फ गेलं. हार्लन दिवसभर मैदानावर, देखभाल त्याच्याकडेच असते, माती ओढतो, दगड वेचतो. त्याला अजून काही बोलले नाही.

आज डेल्मर आला, स्वयंपाकघराच्या दाराने. टोपी काढली नाही आणि आधी बसलाही नाही. तू ओटिलियाला गेली होतीस म्हणे, म्हणाला. मी थेलेनचं सगळं सांगितलं. मी दिलेला कॉफीचा कप तो फिरवत राहिला. मला वाटलं आता भांडणार. मी तयारीत होते.

"बरोबर सांगतो तो," डेल्मर म्हणाला. "मी मान वळवली तेव्हाच म्हटलं, गेला आपला नो-हिटर. मग सामना संपल्यावर रोस सर आले आणि अभिनंदन म्हणाले. मी काय करायला हवं होतं? सर, तुम्ही आंधळे आहात का, असं विचारायचं?"

"हो," मी म्हटलं. "विचारायचं."

"विचारणार होतो. पहिला अख्खा हिवाळा विचारणार होतो. मग गावाने पाटी लावली." तो बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला ती हवी होती, अर्डिस. खोटं कशाला बोलू. फार हवी होती. पण तू छाप. हिट म्हणून छाप, मी एका अक्षराने भांडणार नाही. पाटी माझी मीच उतरवीन. उंच आहे, शिडी तेवढी लागेल."

दोन्ही साक्षी मिळाल्या. मारणाराही सांगतो आणि टाकणाराही. आता कोण फाटक म्हणतं ते बघते. डेल्मरचा चेहरा जाताना कसा झाला होता ते आठवून मधेच वाईट वाटलं, पण आनंदच जास्त झाला, हे इथे लिहायला हरकत नाही.

२५ एप्रिल

हार्लनला जेवताना सांगितलं. थेलेन, फरशी, कपाट, टोपी, डेल्मर, सगळं. मला वाटलं होतं तो निदान चमचा खाली ठेवेल. त्याने जेवण संपवलं, ताट धुतलं, कोट घातला आणि मैदानावर निघून गेला. मीही मागोमाग गेले. दुसऱ्या बेसपाशी उभं राहून भांडलो, म्हणजे मी भांडले.

शेवटी म्हणाला, "रोस सरांना बोलू नकोस. त्यांनी हिटच लिहिली होती."

"मग?"

"डाव संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. सर, तो माझा चेंडू होता, म्हटलं, मी उशिरा निघालो. उशिरा निघालो की नाही हे मलाच माहीत असणार ना. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, विचार कर म्हणाले. मी म्हटलं, केला. मग त्यांनी रबर काढलं."

"आणि तू उशिरा निघाला होतास?"

"छे."

मला भयंकर राग आला. म्हणजे महिनाभर मी त्या भल्या माणसाच्या दगडाकडे पाहिलं नाही, त्याच्या बायकोला ईस्टरचं कार्ड धाडलं नाही, आणि हा बाबा इतकी वर्षं गप्प. ऑम्लेट खात बसला. मी विचारलं, का केलंस असं? कुणासाठी?

तो पायाने माती सारखी करत होता. "डेल्मर फार सुरेख टाकत होता त्या दिवशी. आणि त्या आठवड्यात एक त्याच्या हातून गेलंच होतं. म्हटलं, दोन्ही कशाला न्या."

एक काय गेलं होतं, मी विचारलं. गणितात अडलेल्या पोरीकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची नळी आणायला गेला.

आता बसून आठवते आहे. डेल्मरच्या बापाचं ओटचं पीक गारांनी झोपलं होतं, पण ते आदल्या वर्षी. मोटरसायकल विकली ती नंतर. काय गेलं होतं त्याचं?

२६ एप्रिल

भांडी घासताना कळलं. डेल्मरला कॉफी दिली होती तो कप हातात होता.

अंगठी.

शाळेत पोरं मला हुशार समजायची.

२९ एप्रिल

तीन दिवस हार्लनशी धड बोलले नाही. का रागावले आहे हे त्याला कळत नाही आणि मलाही पुरतं सांगता येत नाही. मी काय डेल्मरच्या गोठ्यातून आणलेली गाय होते, की त्याची भरपाई द्यावी? मी माझ्या मनाने आले होते. त्यात कुणी कुणाचं काही नेलं नव्हतं.

असं सगळं मनात बोलून झालं, आणि मग तळघरात कपडे वाळत घालताना एकदम रडू आलं. एकवीस वर्षांचा पोरगा. आदल्या संध्याकाळी मी त्याला हो म्हटलेलं. आयुष्यातली सर्वांत सुंदर झेप त्याने घेतली, आणि पाच मिनिटांनी उठून जाऊन ती खोडून आला, कारण त्याला वाटलं आपल्याला फारच जास्त मिळालं आहे. आणि त्यानंतर मला ते सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर ते दिलेलं राहिलं नसतं, असं काहीतरी त्याचं गणित असणार.

मला त्याची फार माया आली. वर जाऊन त्याला कॉफी दिली. "राग गेला वाटतं," म्हणाला. निम्मा, मी म्हटलं.

९ मे

आता करू काय? हिट लिहिली तर हार्लनचं नाव धुऊन निघतं. पण नाव धुवायचं म्हणजे त्याने दिलेली वस्तू मी डेल्मरच्या हातून काढून घ्यायची. चूक लिहिली तर मी, त्याची बायको, सगळं माहीत असताना त्याला कायमचा फाटक करून ठेवते. आणि एक म्हणतो हिट छाप, दुसरा म्हणतो चूकच ठेव. दोघे साठीला टेकलेले घोडे, दोघांना वाटतं आपणच देणेकरी. रोस सरांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते आता कळतं.

सकाळी फुलं घेऊन त्यांच्या दगडापाशी गेले. माफी मागितली. शेजारच्या थडग्यावर गवत कापणारा पोऱ्या बघत होता, बघू दे.

१८ मे

डेल्मर खरंच शिडी मागायला आला होता. गावात एवढी लांब शिडी हार्लनकडेच आहे. हार्लनने सांगितलं, मोडली आहे. डेल्मर म्हणाला, परवा तर तू तिच्यावर चढून दिवे बदलत होतास. हार्लन म्हणाला, त्यातच मोडली.

दोघे अंगणात उभे होते, मी खिडकीतून पाहत होते. मग डेल्मरने विचारलं, "तुला माहीत होतं मला माहीत आहे ते?" हार्लन म्हणाला, "तू कधी फाटक म्हटलं नाहीस ना." डेल्मरने खाली बघितलं, हार्लनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला. बेकरीतल्या डेल्मरबद्दल मी मार्चमधे जे लिहिलं आहे ते खोडायला हवं, पण राहू दे, माझी मला लाज वाटायला बरं.

शिडी गॅरेजमधे आहे. धडधाकट.

३ जून

छापखान्यातून सत्तावनच्या प्रकरणाची पानं तपासायला आली. मी पेन्सिलीसकट ती हार्लनपुढे ठेवली. काय ठरवलं हे त्याला सांगितलं नव्हतं.

तो चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. मी लिहिलं होतं, 'सातव्या डावात दोघे बाद असताना थेलेनने मारलेल्या अवघड चेंडूवर, पालथी झेप घेऊनही, शॉर्टस्टॉपकडून चूक.' त्याने 'अवघड' खोडलं. मग 'पालथी झेप घेऊनही' खोडलं. 'चूक' हा शब्द नीट वाचून पुढे गेला. पायांमधून चेंडू गेल्याचं मी कुठेही लिहिलं नव्हतं, ते त्याच्या लक्षात आलं, पण ते त्याने परत घातलं नाही.

मग परत वर जाऊन प्रकरणाचं नाव वाचलं. मी नाव दिलं होतं, 'क्षेत्ररक्षकाची निवड'.

"हे चूक आहे," हार्लन म्हणाला. तो मला खेळाचे नियम समजावू लागला की मला फार मजा वाटते. म्हणाला, निवड केव्हा लिहितात? आधी पोचलेला कुणीतरी बेसवर असतो. क्षेत्ररक्षक ठरवतो की बाद करायला आपल्याला तो हवा, आणि त्याच्यापायी फलंदाजाला सोडून देतो. त्याला हिटही म्हणत नाहीत आणि चूकही म्हणत नाहीत. "लोक हसतील तुला. त्या वेळी बेसवर कुणी नव्हतं."

"होतं की," मी म्हटलं. "मी होते."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. कान लाल झाले होते, या वयात. बाहेर कुणाची तरी गाडी गेली, "काय फाटक!" अशी हाक आली, आणि त्याने न बघता हात वर केला. मग पानं एकावर एक नीट लावून माझ्याकडे सरकवली. नावाला त्याने पेन्सिल लावली नव्हती.